प्रदर्शनाची चित्रे: उद्घाटनापासून मागे मोजत

प्रदर्शनाची तारीख हाती आली की आधी कॅलेंडर घ्या, ब्रश नंतर. आठवडे मोजायचे ते उद्घाटनाच्या दिवसापासून मागे. समजा २४ आठवडे आहेत आणि उद्घाटन २४व्या आठवड्यात आहे. चित्रे दालनात पोचवायची २३व्या आठवड्यात. फ्रेमवाल्याला तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे १९व्या आठवड्यात चित्रे त्याच्याकडे हवीत. कॅटलॉग आणि निमंत्रणासाठीचे फोटो त्याच्याही आधी, १६व्या-१७व्या आठवड्यात, कारण फ्रेम आणि व्हार्निश चढल्यावर फोटोत चमक येते. फोटो काढायला आणि गाडीत घालायला चित्र हाताला कोरडे लागते. म्हणून तैलरंगाचे जाड थर १२व्या आठवड्यात संपवा. पातळ ग्लेझ (पारदर्शक रंगाचा हात) १५व्यापर्यंत चालेल. सुरुवातीचे दोन आठवडे कॅनव्हास ताणण्यात आणि जेसो (रंगाखालचा पांढरा अस्तर-थर) चढवण्यात जातात. रंगवायला उरतात १३ आठवडे, आणि जाड काम करणाऱ्याला फक्त १०.

ॲक्रिलिक किंवा जलरंगात काम करणाऱ्यांना यात थोडी सवलत मिळते, पण फ्रेमच्या आणि फोटोच्या तारखा त्यांनाही चुकत नाहीत. तैलरंगात तर वेळापत्रक चित्रकार ठरवतच नाही, रंग वाळण्याचा वेग ठरवतो. उशीर होतो तो बहुतेकदा चित्र सुचत नाही म्हणून नव्हे, तर शेवटचा थर ओला आहे म्हणून.

आधी भिंत, मग चित्रे

दालनाकडून भिंतींचा नकाशा मागून घ्या: लांबी, उंची, दारे, खांब, स्विचबोर्ड, दिव्यांच्या पट्ट्या. नकाशा नसेल तर टेप घेऊन स्वतः मोजून या. मग जाड पुठ्ठ्याचे १:२० मापाचे दालन करा. ९ मीटरची भिंत ४५ सेंटिमीटरची होते, १२० सेंटिमीटरचे चित्र ६ सेंटिमीटरचा कागदाचा तुकडा. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण किती चित्रे आणि कोणत्या मापाची, याचा निकाल तिथेच लागतो.

उदाहरणार्थ, ९०० सेंटिमीटरच्या भिंतीवर ९०, १२०, ६०, १२० आणि ९० रुंदीची पाच चित्रे लावायची आहेत. बेरीज ४८०, मोकळी जागा ४२०. पाच चित्रांमध्ये चार फटी आणि दोन टोके. टोकाला फटीच्या दीडपट जागा सोडायची ठरवली तर एकूण सात भाग होतात, ४२० भागिले ७ म्हणजे ६०. दोन चित्रांमध्ये ६० सेंटिमीटर आणि टोकांना ९०. सहावे चित्र घुसवायचा मोह होतो, पण ते घुसवले की फटी आक्रसतात आणि एकही चित्र नीट दिसत नाही.

भिंतींवर १६ मावत असतील तर १९-२० सुरू करा. दोन-तीन चित्रे वाटेत बिघडतात, एखादे इतरांशी जुळत नाही.

कॅनव्हास

चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरहून जास्त असेल तर चौकट काटकोनात नाही. आत्ता ठोकून सरळ करा, नाहीतर फ्रेमवाला पुढे तीच तक्रार करेल. ९० सेंटिमीटरपेक्षा लांब बाजू असेल तर मधे आडवी पट्टी हवीच, नाहीतर ताणाने बाजू आत झुकते. मागे दुमडायला चारी बाजूंनी कमीत कमी पाच सेंटिमीटर कापड जास्त ठेवा. पहिले चार स्टेपल चारी बाजूंच्या मध्यावर. मग समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून घेत, पाच-पाच सेंटिमीटरवर कोपऱ्यांकडे सरकत जा. एका बाजूचे सगळे स्टेपल आधी मारले की विणीचे धागे तिरपे ओढले जातात, आणि ती तिरपी वीण पातळ रंगातून शेवटपर्यंत दिसत राहते. कोपऱ्यातल्या पाचरी आत्ता ठोकू नका. त्या पुढे कापड ढिले पडल्यावर कामाला येतात.

ॲक्रिलिक जेसोचे तीन हात द्या. पहिला सुमारे पाचवा हिस्सा पाणी घालून, म्हणजे तो धाग्यांत मुरतो. दुसरा पहिल्याला आडवा, तिसरा पुन्हा उभा. मधे २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात, तोंडाला मास्क लावून. जेसो तासाभरात कोरडा वाटतो, पण त्यावर तैलरंग लावण्याआधी तीन दिवस जाऊ द्या. प्रदर्शनाचे सगळे कॅनव्हास एकाच वेळी, एकाच डब्यातल्या जेसोने तयार करा. शोषण सगळीकडे सारखे राहते, आणि पुढे एक चित्र चमकदार आणि शेजारचे मरगळलेले असे होत नाही.

थर आणि वाळणे

तैलरंगातून पाणी उडून तो वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. उजेड, ऊब आणि खेळती हवा मिळाली की ही क्रिया वेग घेते. थंड, अंधाऱ्या, कोंदट खोलीत रेंगाळते. शिवाय प्रत्येक रंगाचा वेग वेगळा. अंबर (मातकट तपकिरी), प्रशियन ब्लू आणि कोबाल्टचे रंग पातळ थरात दोन-तीन दिवसांत हाताला कोरडे होतात. टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम, ॲलिझरिन क्रिमझन आणि आयव्हरी ब्लॅक आठवडाभर, कधी त्याहून जास्त घेतात. म्हणून खालच्या थरात, रेखाटनात आणि सावल्यांच्या पहिल्या मांडणीत अंबर वापरा आणि आयव्हरी ब्लॅकला तिथून हद्दपार करा. काळ्याचा जाड थर खाली आणि लवकर वाळणारा रंग वर, ही भेगांची हमखास कृती आहे. वरचा थर कडक झालेला असतो, खालचा अजून हलत असतो, आणि वरचा फाटतो. खालच्या थरांत झिंक व्हाइटही टाळा. त्याचा तैलथर कालांतराने ठिसूळ होतो आणि वरच्या रंगासकट सुटू शकतो.

तेलाचे प्रमाण खालून वर वाढत जावे. पहिल्या थरात ट्यूबमधला रंग आणि थोडे मिनरल स्पिरिट (तैलरंग पातळ करायचा द्रव, जखमेचे स्पिरिट नव्हे), वरून तेल अजिबात नाही. दुसऱ्यासाठी एक भाग जवसाचे तेल आणि दोन भाग स्पिरिट असे मिश्रण करून रंगात थेंबाथेंबाने घाला. शेवटच्या थरांसाठी दोन्ही समान. हे मिश्रण रंगाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त झाले की पृष्ठभाग सायीसारखा सुरकुततो, आणि ती सुरकुती खरवडल्याशिवाय जात नाही. वेळ फारच कमी असेल तर अल्किड (लवकर वाळणाऱ्या रेझिनचे) मिश्रण वापरा; पातळ थर साधारण दिवसभरात कोरडा होतो. पण मग ते सगळ्या थरांत वापरा. नुसते वरच्या थरात वापरले तर पुन्हा कडक थर मऊ थरावर बसतो. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही.

घाईचा परिणाम बघायचा असेल तर अमेरिकन चित्रकार अल्बर्ट पिंकहॅम रायडर (१८४७–१९१७) याची चित्रे बघा. न वाळलेल्या थरांवर तो व्हार्निश आणि पुन्हा रंग चढवत राहिला. त्यातली बरीच आज भेगाळलेली आणि काळवंडलेली आहेत.

यावर उपाय एकच: चित्रे एकामागून एक करू नका, चार-पाचांच्या गटाने करा. सोमवारी पहिल्या गटाचा दुसरा थर, मंगळवारी दुसऱ्या गटाचा पहिला, असे फिरत राहिले की वाळण्याचा वेळ फुकट जात नाही आणि ओल्या थरावर हात टाकायची वेळ येत नाही. प्रत्येक चित्रामागे कागदाची पट्टी चिकटवा आणि थराची तारीख व मिश्रण लिहा: "थर २, ता. १४, तेल १ : स्पिरिट २." वीस चित्रांत हे डोक्यात राहत नाही. पट्टी चौकटीच्या लाकडावर लावा. कॅनव्हासच्या पाठीवर मार्करने लिहिलेले कधीकधी पुढे उमटते.

वाळत असलेली चित्रे भिंतीकडे तोंड करून रचू नका. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते आणि पांढरे रंग कळकट दिसू लागतात. तसे झाले तर चित्र काही दिवस उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. पिवळेपणा बराच उतरतो.

रंग बुडाला की चुकला?

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सावल्यांचे भाग, विशेषतः अंबर आणि काळपट निळे, फिक्के आणि खडूसारखे दिसू लागतात. पहिली प्रतिक्रिया असते की छटा चुकली, आणि हात गडद रंगाकडे जातो. थांबा. बहुतेकदा छटा बरोबर असते. जेसोने तेल शोषून घेतलेले असते किंवा रंगात स्पिरिट जास्त झालेले असते; यालाच रंग बुडणे म्हणतात. भाग हाताला कोरडा असेल तर ब्रशने स्पिरिटचा एक हलका हात फिरवा. ओला असताना जी छटा दिसते ती खरी. ती पटत असेल तर रंगाला हात लावू नका. या चाचणीशिवाय केलेली दुरुस्ती व्हार्निश चढल्यावर काळा डाग होऊन वर येते.

त्या भागावर पुढे काम करायचे असेल तर तेल पाजा: जवसाचे तेल आणि स्पिरिट समान घेऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने अगदी पातळ चोळा, पाचेक मिनिटे थांबा आणि कोरड्या कापडाने शक्य तेवढे पुसून काढा. पुसायचा कंटाळा केला तर चिकट, पुढे पिवळा पडणारा थर राहतो. काम संपलेले असेल तर तेल नको. रिटचिंग व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा, एक हात पुरतो.

ॲक्रिलिकवाल्यांची अडचण उलटी आहे. त्यातले माध्यम ओले असताना दुधाळ असते, वाळल्यावर पारदर्शक होते, म्हणून रंग वाळून गडद होतो. महत्त्वाची मिश्रणे आधी जेसो लावलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर वाळवून बघा आणि मागे कृती लिहा. ह्या पट्ट्या जपून ठेवा. टांगायच्या दिवशी कोपऱ्यावर ओरखडा गेला तर त्याच उपयोगी पडतात.

रोजचे काम

अवघड निर्णय, म्हणजे मोठे आकार, छटांची मांडणी, काय खोडायचे हे, दिवसाच्या पहिल्या दोन-तीन तासांत घ्या. कडा, पार्श्वभूमी, चौकटीच्या बाजू रंगवणे दुपारनंतर. दिवस संपताना रंगवत असलेल्या चित्राचा फोनवर फोटो काढा आणि कृष्णधवल करून बघा. दोन रंग वेगळे आहेत असे आपण समजत असतो आणि करड्यात ते एकच निघतात. आरशातून बघण्याची जुनी सवयही मोडू नका. कललेले क्षितिज त्यात लगेच सापडते.

स्टुडिओत ४००० ते ५००० केल्विनचे, ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचे (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) दिवे लावा. दालनात मात्र बहुधा ३००० केल्विनचे पिवळसर दिवे असतात. त्यांत पिवळे-तांबडे रंग उसळतात आणि निळे करडे होतात. दालनातले दिवे कोणते ते विचारून घ्या आणि तसा एक दिवा स्टुडिओत आणून प्रत्येक चित्र त्याखाली एकदा बघा, शेवटचा थर देण्यापूर्वी.

तेलाच्या चिंध्यांबद्दल ढिलाई नको. जवसाचे तेल घट्ट होताना उष्णता सोडते, आणि चुरगळून टाकलेल्या चिंध्यांच्या ढिगात ती कोंडली की ठिणगीशिवाय आग लागते. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. खिडकी उघडी ठेवा. स्पिरिटला उग्र वास नसला तरी वाफ असतेच.

थांबायचे कधी, हा प्रश्न ठरल्या तारखेवर सोडलेला बरा. १८३२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्रकार कॉन्स्टेबलचे झगझगीत चित्र शेजारी लागलेले पाहून चित्रकार टर्नरने आपल्या करड्या समुद्रचित्रावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवला आणि नंतर त्याला बोयाचा (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचा) आकार दिला. त्या काळी टांगलेल्या चित्रांवर हात फिरवायला सभासदांना खास दिवस मिळत. आजच्या दालनात तशी सोय नसते, आणि तो ओला लाल ठिपका पाहुण्याच्या बाहीला लागतो.

फोटो, व्हार्निश, पाठ

फोटोसाठी चित्र उभे, कॅमेऱ्याचा सेन्सर चित्राला समांतर, लेन्सचा मध्य चित्राच्या मध्यासमोर. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, खोलीतले बाकी दिवे बंद. आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८, कॅमेरा ट्रायपॉडवर, पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचे करडे कार्ड). फोनच्या वाइड लेन्सने काढू नका, सरळ कडा फुगतात. जाड रंगावर चमक राहिलीच तर दिवे आणखी बाजूला सरकवा.

तैलचित्राचे पारंपरिक अंतिम व्हार्निश रंगकाम संपल्यावर सहा महिन्यांनी ते वर्षाने लावतात. प्रदर्शनाआधी एवढा वेळ नसतो, म्हणून रिटचिंग व्हार्निशवर भागवा किंवा चित्र व्हार्निशशिवायच टांगा. कोरडेपणा तपासायला चित्राच्या कडेच्या सर्वांत जाड रंगावर नख दाबा. खूण उमटली तर आत ओल आहे. कापसाची काडी स्पिरिटमध्ये किंचित भिजवून कोपऱ्यावर फिरवा. रंग आला तर व्हार्निशचा विचार सोडा. व्हार्निश करायचे ते कोरड्या दिवशी, चित्र आडवे ठेवून, पाच-सात सेंटिमीटरच्या मऊ ब्रशने एकाच दिशेने. ओढलेल्या पट्ट्यावर दोन मिनिटांनी परत जाऊ नका. दमट हवेत केलेले व्हार्निश धुकट होते. मॅट व्हार्निशचा पांढुरका साका तळाशी बसतो, म्हणून वापरण्याआधी आणि मधूनमधून ढवळा. जाड हात दिला तर गडद भागांवर राखेसारखा पडदा येतो.

पाठीवर लेबल: नाव, चित्राचे शीर्षक, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी), वर्ष, वरची बाजू दाखवणारा बाण. अमूर्त चित्राला बाण नसेल तर ते उलटे लागण्याची शक्यता खरीच असते. डी-रिंग (तार बांधायच्या कड्या) वरच्या कडेपासून उंचीच्या सुमारे एक तृतीयांशावर लावा, आणि तार इतकीच सैल ठेवा की मध्यावर उचलली तरी तिचे टोक वरच्या कडेखाली सात-आठ सेंटिमीटर राहील. तार फार ताणली तर रिंगवरचा ओढा वाढतो, फार सैल सोडली तर खिळा चित्रावरून डोकावतो.

बांधणी आणि टांगणी

बबल रॅप थेट रंगावर लागू देऊ नका. फुग्यांचे गोल ॲक्रिलिकवर हमखास उमटतात. ॲक्रिलिकचा थर वाळूनही किंचित चिकट राहतो, म्हणून दोन चित्रे तोंडाला तोंड लावून रचू नका. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोपरे, मग फुगे बाहेर ठेवून रॅप. रंग पूर्ण वाळला नसेल तर ग्लासिनही नको. कोपऱ्यांवर लाकडाचे उंचवटे बसवून त्यावर पुठ्ठा ठेवा, रंगाला काहीच टेकणार नाही असा. गाडीत चित्रे उभी, लांब बाजू खाली. कडाक्याच्या थंडीत ॲक्रिलिक ठिसूळ होते, तेव्हा गुंडाळणे, वाकवणे, आपटणे टाळा.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येतो, सगळ्यांचा एकाच रेषेत. खिळ्याची जागा अशी काढा: १४८ सेंटिमीटरची रेषा धरली आणि चित्र ९० उंच आहे. निम्मे ४५ मिळवले की वरची कड १९३ वर. उचललेली तार कडेखाली ८ असेल तर खिळा १८५ वर. प्रत्येक चित्राची तार वेगळी, म्हणून ८ हा आकडा दर वेळी मोजा. ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद चित्राला दोन खिळे द्या. एकावर ते दर दोन दिवसांनी कलते. आधी सगळी चित्रे भिंतीच्या पायथ्याशी उभी करून क्रम बघा, किमान अर्धा तास, मगच ड्रिल हातात घ्या. पुठ्ठ्याच्या दालनात जुळलेले दोन शेजारी खऱ्या मापात एकमेकांना खातात, असे होतेच.

पिशवीत स्पिरिट लेव्हल, दोन टेप, पेन्सिल, जादा डी-रिंग आणि स्क्रू, तार, पक्कड, सुती हातमोजे, मास्किंग टेप, धागे न सुटणारे कापड, दोन बारीक ब्रश, चित्रांत वापरलेल्याच रंगांच्या ट्यूब आणि त्या मिश्रणांच्या पट्ट्या घ्या. दिवे सर्वांत शेवटी लावा, साधारण ३० अंशांच्या कोनात. मग प्रत्येक चित्रासमोर दोन पावलांवर आणि सहा पावलांवर उभे राहून चमक तपासा. किंमत-यादीतला क्रमांक आणि भिंतीवरचा क्रमांक दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्या.

तैलचित्र विकले गेले तर अंतिम व्हार्निश अजून बाकी असते. ते कोणत्या महिन्यानंतर करायचे हे मागच्या लेबलवर लिहा, आणि चित्र तेव्हा आणून द्यायला घेणाऱ्याला सांगून ठेवा.